काढलेला तुकडा

पुठ्ठा

घरात एखादी जुनी लग्नपत्रिका असेलच. लग्न होऊन वर्षं उलटली, पण कागद जाड, चांगला, टाकवत नाही म्हणून कुठल्यातरी खणात पडून राहिलेली. सापडली तर घेऊन बसा. नाही सापडली तरी अडत नाही. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवा, एक आडवी चौकट होईल. आजच्या मननाला एवढंच सामान लागतं.

माझ्याकडची पत्रिका ग्वाल्हेरची आहे. फेब्रुवारी संपत आला होता. कामासाठी झाशीला जाणं झालं, परतीच्या गाडीआधी दोन दिवस मोकळे मिळाले, म्हणून ग्वाल्हेरात दिवसभराच्या एका फोटोग्राफी वर्कशॉपला नाव दिलं. शिकवणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, लष्कर भागात पूर्वी त्यांचा स्टुडिओ होता. दौलतराव शिंद्यांनी १८१०मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, तंबूंच्या जागी घरं उठली, तळाचं शहर झालं आणि नाव मात्र लष्करच राहिलं. त्या तळाच्या मागोमाग उत्तरेत आलेल्या घरांपैकी त्यांचं एक. सगळे त्यांना काका म्हणत. बोलायचे मराठीच, पण मध्येच हिंदीचं वळण घेऊन. ‘थोडं रुका नं,’ हे त्यांचं पालुपद.

आम्ही सात जण सकाळी सहाला पूर्वेच्या बाजूला, गुजरी महालापाशी जमलो. सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे. काकांनी कापडी पिशवीतून पत्रिकांचा गठ्ठा काढला. नातीच्या लग्नातल्या उरलेल्या. प्रत्येकीत ब्लेडनं एक खिडकी कापलेली, सहा सेंटिमीटर रुंद आणि चार उंच. कॅमेऱ्यातली चौकट साधारण तीनास दोन असते, तेच प्रमाण. एकेक पत्रिका हातात दिली आणि तिच्यातून निघालेला तुकडाही दिला.

‘हाही ठेवा. हरवू नका.’

मी तुकडा पाकिटात सरकवला आणि विसरले. पत्रिकेवरचा मजकूर खिडकीनं मधोमध खाल्ला होता. डाव्या कडेला ‘अग’ एवढीच दोन अक्षरं उरली होती, उजव्या कडेला एकटं ‘वे’. खिडकी डोळ्यांसमोर धरली की कुणीतरी बाजूनं हाक मारतंय असं वाटायचं. अग. दिवसभर.

‘आज प्रत्येकानं बारा फोटो काढायचे,’ काका म्हणाले. ‘बाराच. आधी खिडकीतून, मग कॅमेऱ्यानं.’ आणि चढायला लागण्याआधी हसून म्हणाले, ‘इकडचे लोक फोटो खींचतात. आपण काढतो. का काढतो, ते वर पोचेपर्यंत शोधा.’

आता तुमची चौकट उचला. डोळ्यांपासून हातभर दूर धरा. समोर जे असेल ते असू द्या: भिंतीवरचं कॅलेंडर, खिडकीचा गज, वाळत घातलेला टॉवेल. एक डोळा मिटा. आता चौकट हळूहळू जवळ आणा. दूर असताना तिच्यात थोडंच मावत होतं, जवळ येते तसं जग आत शिरत जातं. पुन्हा दूर न्या. एकेक वस्तू बाहेर निघून जाताना पाहा. घाई नको. शेवटची कोणती वस्तू बाहेर पडली, तिच्याकडे लक्ष ठेवा.

चढण

गुजरी महालापासून वर जाणारी वाट दगडी आहे, रुंद आहे आणि दम काढणारी आहे. एकामागून एक दरवाजे लागतात. दम काढणारी, असं मी लिहून गेले आणि तिथेच थांबले. पुन्हा तेच क्रियापद.

चला, आपणही ती चढण चढू आणि दर पावलाला एक ‘काढणं’ आठवू. विहिरीतून पाणी काढतो. पायातला काटा काढतो. अंगणात रांगोळी काढतो. वहीत चित्र काढतो. मुलाची समजूत काढतो, दुरावलेल्या माणसाची आठवण काढतो. कर्ज काढतो, भांडण उकरून काढतो, वाईट दिवस काढतो. लहान मूल किरकिरलं की मीठमोहरी ओवाळून त्याची दृष्ट काढतो.

या यादीत एक गंमत आहे, ती सावकाश पाहा. काटा काढला की पायात काहीतरी कमी होतं. रांगोळी काढली की अंगणात काहीतरी वाढतं. आणि आठवण? ती काढली की कमी होते की वाढते? आपल्या भाषेनं दोन्हींसाठी एकच शब्द वापरला. कुठेतरी काहीतरी दडलेलं आहे, ते बाहेर आणायचं आहे, मग ते बोचणारं असो की शोभणारं, असाच काहीसा भाव तिच्या मनात असावा.

खींचना या शब्दात दोरी आहे, ओढाताण आहे. काढण्यात जपणूक आहे. विहिरीतून पोहरा वर येताना हिंदकळू नये म्हणून हात जसा जपतो, तशी.

इथे क्षणभर बसा. चढणीवर सगळेच बसतात. तुमच्या फोनमध्ये किती फोटो आहेत, याचा अंदाज करा, मोजू नका. त्यांतले ओढलेले किती आणि काढलेले किती, एवढंच स्वतःला विचारा. उत्तर आलं नाही तरी चढण थांबत नाही.

शून्य

लक्ष्मण दरवाजाजवळ नजरेतून सुटावं इतकं लहान एक देऊळ आहे, चतुर्भुज मंदिर. बांधलेलं नाही, डोंगराचा खडकच कोरून काढलेलं. आत विष्णू, आणि एक संस्कृत शिलालेख. काल इसवी सन ८७६, राज्य प्रतिहार मिहिरभोजाचं. लेखात देवासाठी दिलेल्या फुलबागेचं माप आहे: २७० हात लांब, १८७ हात रुंद. आणि देवाला रोज ५० माळा पुरवण्याची व्यवस्था आहे.

जगभरातले गणिती या खोलीएवढ्या देवळाशी येतात ते २७० आणि ५० यांच्या शेवटी असलेल्या बारीक वर्तुळासाठी. काळ नक्की ठाऊक असलेल्या भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव शून्यांपैकी ते आहे. आज आपण काढतो जवळपास तसंच. कोरणाऱ्याला ते काही विशेष वाटलं असेल असं लेखावरून दिसत नाही. तो बागेचं माप लिहीत होता.

काका तिथे थांबले. म्हणाले, ‘खिडकीतून मला बघा. मी कशातून दिसतो? पुठ्ठ्यातून? पुठ्ठा नाही तिथून.’

एवढंच बोलले आणि पाणी प्यायला गेले.

आपण मात्र इथे रेंगाळू. सत्तावीसच्या पुढे शून्य ठेवलं की सत्तावीसाचे दोनशे सत्तर होतात. शून्याजवळ स्वतःचं काहीच नाही. ते फक्त जागा धरून बसतं आणि त्याच्या बसण्यानं शेजाऱ्याची किंमत वाढते. पत्रिकेतली खिडकीही तेच करते. कॅमेऱ्याच्या लेन्समधलं ऍपर्चर म्हणजे पात्यांनी वेढलेलं एक भोक. सगळा खर्च भोवतीच्या काचेवर आणि धातूवर होतो, काम मात्र मधली मोकळी जागा करते. भोक लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट दिसतं, पण प्रकाश कमी येतो आणि वाट जास्त पाहावी लागते. मोठं केलं की प्रकाश भरभरून येतो आणि एकच गोष्ट ठसठशीत राहते, बाकीचं विरघळतं.

डोळे मिटा. तुमच्या दिवसातल्या भरलेल्या जागा आठवू नका, त्या आपणहून आठवतात. मोकळी राहिलेली एखादी जागा आठवा. दुपारी बस चुकली आणि थांब्यावर वीस मिनिटं गेली, ती. बोलता बोलता दोघंही गप्प झालात, ती. तिच्या शेजारच्या गोष्टीची किंमत तिनं किती वाढवली होती? दहा संथ श्वास होईपर्यंत तिथेच राहा.

माझा पहिला फोटो या देवळाचा नाही. देवळासमोरच्या पायरीवर कुणीतरी ठेवून गेलेल्या झेंडूच्या एका फुलाचा आहे. पन्नासातलं एक, असं मनात म्हटलं आणि शटर दाबलं.

उलटा महाल

हत्ती दरवाजातून आत गेलं की मानमंदिर. राजा मानसिंह तोमराचा महाल; त्याची कारकीर्द १४८६ ते १५१६. महालाची पूर्वेची भिंत कड्यावरच उभी आहे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट तिच्यावर येतं. आम्ही पोचलो तेव्हा ते नुकतंच गोल बुरुजांवर चढलं होतं. भिंतीवर निळ्या चकाकत्या फरशांचे पट्टे, त्यांत हत्ती आहेत, केळीची झाडं आहेत, आणि पिवळ्या बदकांची एक रांग आहे. पाचशे वर्षं ती बदकं एकाच दिशेनं चालली आहेत.

खिडकी उचला. बदकांवर धरा. फक्त निळा आणि पिवळा, बाकी सगळं बाहेर. किती प्रसन्न आहे पाहा. आता याच महालाच्या पोटात तळघरं आहेत, हे आठवा. मुघलांच्या काळात हा किल्ला राजकैद्यांचा तुरुंग होता. औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष इथेच कैदेत राहिला आणि १६६१मध्ये इथेच त्याला मारलं. बदकं चौकटीत आहेत तेव्हा मुराद बाहेर आहे. खिडकी खाली नेऊन तळघराच्या काळोखावर धरली की बदकं बाहेर जातात. दोघांना एकाच खिडकीत बसवायचं म्हटलं तर खिडकी डोळ्याला लावावी लागते, आणि मग सगळंच आत शिरतं, निवडलेलं काही उरत नाही.

या अडचणीवर तोडगा नाही. फक्त चौकटीबाहेर काय उरलं, ते माहीत असू द्यायचं.

इथे आपल्याला एक जुना सोबती भेटतो. लाला दीनदयाळ, पुढे राजा दीनदयाळ झाले ते. १८४४चा जन्म, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुडकीला शिकून इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढणारा नोकर म्हणून आले. पुन्हा काढणं आलंच. तिथे फोटोग्राफीचा नाद लागला आणि तुकोजीराव होळकरांनी पाठबळ दिलं. १८८२मध्ये मध्य भारताचे ब्रिटिश एजंट सर लेपल ग्रिफिन दौऱ्यावर निघाले तेव्हा दीनदयाळ बरोबर होते. त्या दौऱ्यातल्या चित्रांचं पुस्तक १८८६मध्ये निघालं, मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवरचं. ग्वाल्हेर त्यात आहे.

त्यांना कल्पनेनं इथे उभं करा. तीन पायांची घोडी, लाकडी पेटीसारखा कॅमेरा, काचेच्या जड प्लेटा, सामान वाहणारी माणसं. माणूस काळ्या कापडाखाली डोकं घालतो. पुढच्या भिंगातून आलेला प्रकाश मागच्या घासलेल्या काचेवर पडतो, आणि तिथे महाल उलटा दिसतो. बुरुज खाली, पाया वर, आकाश पायाशी. डावं उजवीकडे. ज्याला वास्तूचं हुबेहूब चित्र काढायचं आहे, त्याला ती आधी अशी अनोळखी होऊन भेटते. मग तो महाल म्हणून पाहत नाही. उजेड कुठे जास्त झाला, रेघ कुठे कलली, रिकामं कुठे राहिलं, एवढंच पाहतो. ओळखीचं नाव गळून पडतं आणि आकार उरतो.

दीनदयाळ दौऱ्यावर आले तेव्हा हा किल्ला शिंद्यांच्या ताब्यात नव्हता. १८५८च्या धुमश्चक्रीनंतर इंग्रजांनी तो ताब्यात ठेवला आणि १८८६मध्ये परत केला. खाली १८७४मध्ये उभा राहिलेला जयविलास राजवाडा होता, त्याच्या गच्चीवरून महाराजांना स्वतःचा किल्ला दिसत असणार, दिसण्यापुरताच. दगडाच्या चित्रात मालकी उमटत नाही. ती चौकटीबाहेरची गोष्ट.

काका म्हणाले, ‘मान वाकवून पायांतून बघा एकदा महालाकडे.’ आम्ही सात मोठी माणसं ओणवी होऊन पायांमधून मानमंदिर पाहत उभी राहिलो. शाळेची सहल आली होती, ती पोरं आमच्याकडे बघून खदखदली. पण ती बदकं मला त्या वेळी पहिल्यांदा मोजता आली.

तुम्हाला ओणवं व्हायची गरज नाही. रोजच्या ओळखीचं एक माणूस मनासमोर आणा, घरातलंच. त्याचं नाव काढून ठेवा. नातं काढून ठेवा. कालचं बोलणंही. आता जे उरलं त्याच्याकडे पाहा: बसण्याची ढब, कपाळावरची एक आठी, चहाचा कप धरण्याची तऱ्हा. फार वेळ नाही, काचेची एक प्लेट भरेल इतकाच.

उतार

दुपारी किल्ला आमच्याकडे पाहीनासा होतो. ऊन डोक्यावर येतं, सावल्या पायाखाली आखडतात, दगड पांढरा पडतो. १०९३ सालची सासबहूची देवळं आणि उंचच उंच तेली मंदिर याच उन्हात पाहिली. कुणीतरी भराभर फोटो घेऊ लागलं तेव्हा काका म्हणाले, ‘थोडं रुका नं. आता उजेड सांगत नाहीये, ओरडतोय.’ झाडाखाली डबे उघडले. ज्या वेळी काही काढण्यासारखं नसतं, त्या वेळी जेवावं, हाही धडाच होता.

तीनच्या पुढे आम्ही पश्चिमेच्या उरवाई दरवाजाकडे उतरू लागलो. सकाळी ऊन पूर्वेच्या भिंतीवर होतं. दिवसभरात ते किल्ला ओलांडून इकडे आलं, आमच्यासारखंच.

उरवाईच्या कड्यात दोन्ही बाजूंनी जैन तीर्थंकर कोरलेले आहेत. काम पंधराव्या शतकातलं, तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळातलं. सर्वांत उंच मूर्ती सुमारे ५७ फुटांची. तिच्या पायाशी उभं राहिलं की गुडघ्याशीही आपण पुरत नाही.

खिडकीतून पाहा. मूर्ती मावत नाही. मागे सरका, तरी मावत नाही. मग मावण्याचा नाद सोडा आणि मूर्तीऐवजी तिच्या भोवतीची पोकळी पाहा. या मूर्तीत बाहेरून आणलेलं काहीच नाही. कड्यातून दगड काढत गेले, टोपल्या भरभरून, वर्षानुवर्षं, आणि जिथे काढायचं थांबले तिथे खांदे आले, हात आले, मिटलेले ओठ आले. मूर्ती काढली असं आपण म्हणतो, पण काढला तो भोवतालचा दगड. काकांनी सकाळी घातलेलं कोडं इथे अर्धं सुटलं. फोटोतही काही घालता येत नाही. जग आधीच भरलेलं आहे. हातात असतं ते बाहेर ठेवणं, आणि कुठे थांबायचं ते ठरवणं.

पण दगड काढणारे हात एकाच प्रकारचे नसतात. बाबर १५२८मध्ये इथे आला, या मूर्ती पाहिल्या आणि त्या फोडायला सांगितल्याचं त्यानं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. अनेक चेहरे गेले. पुढे जैन मंडळींनी काही चेहरे चुन्यानं पुन्हा घडवले. आज त्या मूर्तींकडे पाहताना तीन वेगळे हात दिसतात: एकानं आकार यावा म्हणून दगड काढला, एकानं आकार राहू नये म्हणून काढला, एकानं काढलेल्या जागी हळूच भरलं.

इथे थोडा वेळ स्वतःकडे वळू. गेल्या काही वर्षांत तुम्ही आयुष्यातून काय काय काढलंत? एखादी सवय, एखादी वस्तू, एखादं माणूस. निवाडा करू नका. फक्त त्या जागी हात फिरवून पाहा. कडा गुळगुळीत लागते की धारदार?

उत्तर मिळालं की पुढे चला. मिळालं नाही तरी चला. उतार आहे.

जाळी

शेवटचा मुक्काम हजिरा भागात. मोहंमद गौस या सूफी संताची अकबराच्या काळातली भव्य कबर, आणि तिच्या शेजारी, तिच्या मानानं अगदी साधी, तानसेनाची. कबरीजवळ चिंचेचं झाड. तिची पानं चघळली की गळा गोड होतो, अशी गाणाऱ्यांची श्रद्धा.

मराठी माणसाला या गावात शिकायला येण्याची जुनी सवय आहे. आगगाड्यांचं जाळं नीट पसरण्याआधीच्या काळात मिरजेजवळच्या बेडगचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाण्याच्या ओढीनं उत्तरेत आले, ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींचे शिष्य झाले आणि तिथली गायकी घेऊन दक्षिणेत परतले. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचेच शिष्य. वासुदेवबुवांचे गुरू हस्सू खाँ. एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात, कानानं, वर्षांनी. युनेस्कोनं २०२३मध्ये ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं, त्याच्या मागे असे कितीतरी न मोजलेले तास आहेत. आणि आम्ही एका दिवसात पाहायला शिकायला आलो होतो.

चिंचेखाली बसा. जमिनीकडे पाहा. चिंचेची पानं बारीक, त्यामुळे त्यांच्यामधल्या फटीही बारीक आणि वेड्यावाकड्या. तरी जमिनीवर पडलेले उन्हाचे कवडसे मात्र गोल आहेत. फट त्रिकोणी, कवडसा गोल, असं का? कारण तो फटीचा आकार नव्हेच. तो सूर्य आहे. प्रत्येक फट एक भोक, आणि प्रत्येक भोक खाली सूर्याचं एक चित्र पाडतं. ग्रहण लागलं की हेच कवडसे कोरीसारखे होतात. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की लांबट होतात. आम्ही पाहिले ते तसेच, अंड्यांसारखे. कॅमेरा कुणी शोधून काढण्याआधीपासून झाडं फोटो काढत होती. फक्त ते जपून ठेवत नव्हती.

आपल्याकडे फोटोला दोन शब्द आहेत, प्रकाशचित्र आणि छायाचित्र. एकानं उजेडाचं नाव घेतलं, दुसऱ्यानं सावलीचं. चिंचेखाली बसलं की दोन्ही खरे वाटतात.

गौस यांच्या कबरीला चारी बाजूंनी दगडी जाळ्या आहेत. आत अंधार, जाळीतून येणारं मावळतीचं ऊन आणि फरशीवर पसरलेली नक्षी. गाण्यात समेवर कुणी झडप घालत नाही. सम कुठे आहे ते गाणाऱ्याला ठाऊक असतं, तबलजीला असतं, श्रोत्यालाही असतं. सगळे आपापल्या वाटेनं तिच्याकडे चाललेले असतात. तसा तिथे उजेड दगडांच्या कडांवरून सरकत होता आणि तो कुठे पोचणार हे दिसत होतं. मी खिडकी धरून बसून राहिले.

जाळीला टेकून एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. ऊन त्यांच्या ओढणीवर आलं. खिडकीत सगळं जुळलं होतं. माझा अकरावा फोटो झाला होता, हा बारावा. मी कॅमेरा दाखवून नजरेनंच विचारलं. त्यांनी हात हलवला. ‘रहने दो, बेटा.’

नजरेला वजन असतं, हे आपल्या आज्ज्यांना माहीत होतं. म्हणून तर दृष्ट काढायची. पाहणंही लागतं माणसाला. मी कॅमेरा खाली ठेवला. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी माझ्या हातातली पत्रिका मागितली. उलटसुलट करून पाहिली. मग खिडकी डोळ्यांसमोर धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी दिवसभर चौकटीच्या अलीकडे होते. पलीकडे गेल्यावर पहिल्यांदा हात कुठे ठेवायचे ते कळेना. त्यांनी किती मला आत घेतलं आणि किती बाहेर ठेवलं, कोण जाणे. बराच वेळ पाहिलं. मग पत्रिका परत दिली.

तुमची चौकट आता फिरवा. पलीकडून कुणीतरी तुमच्याकडे पाहतंय असं समजा. ओढायला नव्हे, काढायला. सावरून बसू नका. आहात तसेच दिसा. ऊन सरकेपर्यंत.

तुकडा

रात्री लष्करातल्या काकांच्या घरी सगळ्यांचे फोटो पाहिले. चहा झाला. बाराच्या बारा सगळ्यांचे झाले होते, माझे अकरा. काकांनी कारण विचारलं नाही. ‘एक जागा ठेवलीत, बरं केलंत,’ म्हणाले आणि पुढच्याच्या फोटोंकडे वळले.

स्टेशनवर गाडी तासभर उशिरा होती. तिकीट पाहायला पाकीट उघडलं तर सकाळचा तो तुकडा हाताला लागला. सहा सेंटिमीटर रुंद, चार उंच. दिवसभर मी ज्यातून पाहिलं, तेवढ्याच मापाचं जे तिथे नव्हतं, ते. त्यावरही अक्षरं होती: ‘त्य येण्याचे करा’. वेडंवाकडं काहीतरी. मग बाकावर पत्रिका ठेवली आणि तुकडा खिडकीत बसवला.

अगत्य येण्याचे करावे.

डावीकडचं ‘अग’ मला हाक नव्हतं. किंवा होतंच, फक्त वाक्य पुरं व्हायचं होतं. खिडकी बंद झाल्यावर तिच्यातून काही दिसेना, पण वाचता येऊ लागलं. तुकडा काढला की वाचता येईना, पण प्लॅटफॉर्म दिसू लागला: पिवळे दिवे, शाल पांघरून झोपलेला हमाल, रुळांवरून दूर वाकत गेलेली चकाकी. मी दोन-तीनदा तसं केलं. बसवला, काढला. गाडीची घोषणा झाली.

तो तुकडा आणि ती पत्रिका अजून माझ्याकडे आहेत, वेगवेगळ्या खणात.

तुम्ही पत्रिका घेऊन बसला असाल तर ती आता बाजूला ठेवा. हातांची चौकट केली असेल तर ती थोडी खाली आणा. तिच्या आत आज काय येऊन गेलं ते एकदा आठवा, आणि बाहेर कोण कोण थांबलं होतं तेही. मग अंगठे सोडा, तर्जन्या सोडा. हात उघडे मांडीवर राहू द्या, दार उघडं ठेवून कुणाची वाट पाहावी तसे.